आभारवाले अध्यक्ष

ज्या माणसाला मी जन्मात कधी भेटले नाही आणि ज्याच्या देशात मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही, त्याचं चरित्र मी सोळाव्या वर्षी लिहिलं. रुमानियाचे अध्यक्ष. तिथली हुकूमशाही कोसळली, तेव्हा जे पहिले त्या खुर्चीवर बसले ते. नाव मुद्दामच देत नाही. आमच्या घरात ते नाव कोणाला नीट उच्चारता यायचं नाही, आणि आई तर सरळ 'तो आभारवाला' म्हणायची. ते असं का, ते पुढे येईलच. घाई नाही मला. गुडघे धरल्यापासून मला कशाचीच घाई राहिलेली नाही.

बाबा पुण्याच्या शेतकी कॉलेजातून भातावरच्या रोगांवर संशोधन करायला क्योतोला आले आणि वर्षभराने आम्हाला घेऊन आले. राहायला विद्यापीठाचं परदेशी लोकांसाठीचं जुनं लाकडी घर. वर आमच्या दोन खोल्या, वर-खाली आणखी काही भाडेकरू आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. आईने ते स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे माझा पोळपाट आता गावाचा." पण महिन्याभरात गावच तिचं झालं. गॅसच्या दोन शेगड्यांपैकी डावीकडची आईची, असं कोणी न सांगता ठरून गेलं. फोडणी पडली की वरच्या मजल्यावरचा चिनी विद्यार्थी खिडकी उघडून शिंकायचा आणि मग ताट घेऊन खाली यायचा. हिवाळ्यात भिंतीतून वारा आत यायचा. रॉकेलची गाडी गल्लीत गाणं वाजवत यायची, आणि ते गाणं ऐकलं की मी डबा घेऊन धावायचे. संध्याकाळी तोफूवाल्याचा भोंगा, आणि डोंगराकडच्या देवळातली घंटा. तो भोंगा आता कुठे ऐकू येत नाही. माझ्या मुलाला सांगितलं तर तो जपानीत विचारतो, तोफू सुपरमार्केटमध्ये मिळत नव्हतं का. काय बोलणार!

खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोइनाताई राहायची. रुमानियाची, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी, तिशीच्या अलीकडची. उंच, किडकिडीत, आणि केस मात्र पाठभर. ते केस बघून आईचा जीव खालीवर व्हायचा. "एवढं सोन्यासारखं आहे आणि तेलाचा थेंब नाही! झाडू झालाय नुसता." शेवटी एका रविवारी आईने तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि पुण्याहून आणलेलं खोबरेल तिच्या डोक्यावर ओतलं. मी दुभाषी, कारण आईचं इंग्रजी 'कम, सिट, ईट' एवढंच. दोइनाताई आधी अंग चोरून बसली, मग हळूहळू तिचे खांदे सैल पडले आणि डोळे मिटले. तेव्हापासून दर रविवारी जेवणाआधी ते ठरलेलं. थंडी सुरू झाली की बाटलीतलं तेल दगड व्हायचं. आई शनिवारीच ती बाटली स्टोव्हजवळ ठेवायची आणि रविवारी पितळेच्या वाटीत तेल काढायची. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी आईची बोटं उजव्या कानाच्या वर एका जागी थांबली. "ही खोक कसली गं? इथे हाडच खाली गेलंय." मी विचारलं. दोइनाताई म्हणाली, ट्राममधून पडले. आई म्हणाली, "जपून चढावं बाई." आणि विषय संपला.

सप्टेंबरात तिचे वडील आले. पेत्रू त्यांचं नाव. आम्ही पेत्रूआजोबा म्हणायचो, वय तसं साठीच्या आतलं असूनही, कारण दिसायचे सत्तरीचे. सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, फुप्फुसात धूळ साठलेली. बायको गेली होती आणि तिकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून लेकीने स्वतःच्या शिष्यवृत्तीवर इकडे आणलं. आमच्या खोलीच्या बरोबर खाली त्या बापलेकीची खोली. फळ्यांच्या फटीतून त्यांचा खोकला वर यायचा. सुरुवातीला झोप लागायची नाही, पुढे खोकला थांबला की झोप मोडायला लागली. माणूस मात्र लाघवी. हात केवढे थोरले, आणि नखांच्या कडेला काळी रेघ, कितीही धुतली तरी तशीच. कोळसा कातडीच्या आत गेलेला. त्या हातांनी ते आईला कांदे चिरून द्यायचे, आणि आई मराठीत, ते रुमानियनमध्ये, असे दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. कोणाला काही कळायचं नाही आणि कोणाचं काही अडायचं नाही. त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो होता, हसऱ्या चेहऱ्याच्या एका गृहस्थाचा. मला वाटलं, भाऊ असेल.

आणि मग शाळेतून ते काम आलं. मी एका लहानशा इंग्रजी शाळेत जायचे, बसने, बस नाही मिळाली तर सायकलने. इतिहासाच्या बाईंनी सांगितलं, हयात असलेल्या एका राष्ट्रप्रमुखाचं जीवन आणि कारकीर्द लिहा, शक्यतो त्यांच्या देशातल्या माणसाशी बोलून. बाबांना मी सांगितलं, तर ते टाळी वाजवून म्हणाले, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! खाली आजोबा आहेत ना. त्यांच्या भिंतीवर त्यांचे अध्यक्षच लटकलेत." तेव्हा मला कळलं की तो भाऊ नव्हता.

शनिवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आजोबांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि केस ओले करून मागे वळवले होते, जणू फोटोच काढायचा आहे. ते सांगणार, दोइनाताई इंग्रजीत करणार, मी लिहिणार. आई शेगडीपाशी थालीपिठं थापत होती. आजोबांनी आमच्याकडे देवाची कहाणी सांगतात तशी सुरुवात केली. गरिबाघरचं पोर. कामगाराचा मुलगा. हुशार, शिकला, पक्षात वर चढला. मग त्या जुन्या हुकूमशहाच्या डोळ्यांत खुपला आणि अडगळीत टाकला गेला. मग तो डिसेंबर आला. लोक रस्त्यावर, गोळ्या, धूर, आणि टीव्हीवर अचानक हा माणूस, साधेपणाने बोलणारा. "आम्ही सगळे एका घरात जमलो होतो टीव्हीपुढे. खाणीतली माणसं. हा बोलला आणि आम्हाला वाटलं, आता दिवे लागतील. आता भाकरी मिळेल." दोइनाताई वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत होती. आवाज सपाट. स्टेशनवर गाड्यांची सूचना देतात ना, तसा.

मी आपली शहाण्यासारखी विचारून बसले, तुम्ही त्यांना प्रत्यक्ष पाहिलं होतं का? आजोबांचा चेहरा उजळला. हो तर! राजधानीत. चौकात काही पोरं ठाण मांडून बसली होती, निवडणुका झाल्या तरी उठत नव्हती. टवाळ, परक्यांचे पैसे खाणारी, असं आम्हाला सांगितलं होतं. अध्यक्षांनी बोलावलं, देश वाचवा म्हणाले. आम्ही गाड्या भरून गेलो, दिव्याची टोपी घालून, होतो तसे. आणि काम झाल्यावर ते स्वतः समोर उभे राहिले आणि आमचे आभार मानले. "पोरी, माझ्या आयुष्यात मला कोणी धन्यवाद म्हटलं नव्हतं. ना साहेबाने, ना डॉक्टरने. देशाचा अध्यक्ष म्हणाला." आणि त्यांनी आपला तो थोरला हात छातीवर ठेवला.

दोइनाताईने तेही शब्दन्‌शब्द इंग्रजीत केलं. मग उठली, कप विसळला, जागेवर ठेवला आणि बाहेर निघून गेली. थंडीत, कोटाशिवाय. आजोबा म्हणाले असावेत, हिला काय झालं. आईने त्यांच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं आणि माझ्याकडे बघितलं. आईच्या त्या बघण्यात नेहमी एकच अर्थ असायचा, आता गप्प बस.

दुसऱ्या दिवशी रविवार. आजोबा झोपले होते. आईने तेल लावायला घेतलं, आणि बोटं त्या खोकेपाशी आल्यावर दोइनाताईने आपल्या हाताने आईचा हात तिथेच दाबून धरला. "ट्राम नव्हती," ती म्हणाली. मी आईला सांगितलं. पुढचं सगळं माझ्याच तोंडून आईला कळलं, आणि ते सांगताना माझी मराठी अडखळत होती. त्या चौकातल्या पोरांत ती होती. राजधानीत शिकत होती. तंबू ठोकून बसायचे, गाणी म्हणायचे. मागणं एवढंच, की जुन्या राजवटीतलीच माणसं नवा कोट घालून परत खुर्चीवर नकोत. घरी कळवलं नव्हतं, वडील रागावतील म्हणून. त्या दिवशी ती विद्यापीठाच्या दारातून पुस्तकं घेऊन बाहेर पडली आणि समोर टोपीवाले आले. हातात दांडके, रबरी नळ्या. दाढी दिसली की मार, चष्मा दिसला की मार, मुलगी दिसली की शिवी आणि मार. "टोपीवरचा दिवा लागलेला होता," ती म्हणाली. "लख्ख उन्हात. बंद करायचा विसरला असेल. मी त्या दिव्याकडेच बघत राहिले, म्हणून तोंड दिसलं नाही. पण शिवी दिली ती आमच्या खोऱ्यातल्या बोलीत. आमच्या घरच्या बोलीत."

आईने विचारलं, आणि हे मला आजही पटकन तोंडातून काढता येत नाही, "तो हिचा बाप होता का, विचार." मी विचारलं. दोइनाताई म्हणाली, "नाही. तो उंच होता. बाबा नव्हते ते." मग म्हणाली, "बाबा दुसऱ्या रस्त्यावर होते." त्यांना सांगायचं नाही, असं तिने आमच्याकडून वचन घेतलं. त्यांच्याकडे फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि त्यांच्याजवळ आयुष्यात ते एक 'आभारी आहे' सोडून दुसरं काही नाही. "मी ते काढून घेतलं तर मरताना त्यांच्या हातात काय राहील?" ती म्हणाली.  आईने दोइनाताईची घट्ट वेणी घातली आणि तिच्या कपाळाला कपाळ लावलं. वर गेल्यावर मला म्हणाली, "बाबांनाही बोलू नकोस. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही." आणि मग जिन्यातच बसून पदर तोंडात धरून रडली. मी आईला तसं रडताना तोवर पाहिलं नव्हतं. एवढं कांदे चिरून द्यायचा गं तो माणूस, असं काहीतरी ती म्हणत होती.

त्यानंतर मला आजोबांच्या हातांकडे बघवेना. ते कांदा पुढे करायचे आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. चरित्राचा कच्चा मसुदा तयार होता, छान वळणदार अक्षरात. त्यात आभाराचं वाक्य होतं. मारहाणीबद्दल काही नव्हतं.

मग दिवाळी आली. आमच्या बाबांना पुण्यात असताना दिवाळीचं विशेष काही नसायचं, अभ्यंगस्नानाला त्यांना तीनदा हाका माराव्या लागायच्या. पण परदेशात माणसाला सणांची उबळ येते. क्योतोत त्यांनी नरकचतुर्दशी अशी काही मनावर घेतली की विचारू नका. घर सांभाळणाऱ्या बाईंना विनवून पहाटे न्हाणीघर तापवून घेतलं. उटणं पुण्याहून आलेलं. कारीट कुठून आणणार, तर एक टीचभर काकडी आणून ठेवली, पायाखाली फोडायला. आणि घरातल्या सगळ्यांना आमंत्रण! चिनी विद्यार्थी डोळे चोळत आला, दोइनाताई आली, शाल गुंडाळून पेत्रूआजोबाही आले. बाहेर अजून अंधार, स्वयंपाकघरात आईच्या दोन पणत्या आणि स्टोव्हचा लाल उजेड. जमिनीवर पाट, भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. आईने बाबांना तेल लावलं, मला लावलं, त्या चिनी मुलाला लावलं, तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. मग दोइनाताई पाटावर बसली. आईने वाटीत बोटं बुडवली आणि बाबा म्हणाले, "थांब, थांब! तिचे वडील इथे समोर बसलेत आणि तू कशी लावतेस? पहिलं तेल वडीलधाऱ्यांनी लावायचं. आपल्याकडे रीतच आहे ती."

आई म्हणाली, "अहो, राहू दे." बाबा म्हणाले, "राहू दे काय? त्यांना किती बरं वाटेल!" आणि आईच्या हातातली वाटी घेऊन त्यांनी आजोबांपुढे धरली, खुणेने सांगितलं, लेकीच्या डोक्याला लावा. आईने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. बोलायचं तर वचन मोडतं, आणि न बोलायचं तर हे असं. दोइनाताई पाटावरून अर्धी उठली, पण आजोबा एवढे हसत होते, एवढे खूश होते, की ती परत बसली. आता वाटतं, तिला वाटलं असेल नुसतं कपाळावर बोट टेकवतील. पण त्यांनी आईला दर रविवारी बघितलं होतं. त्यांनी दोन्ही हात तेलात बुडवले आणि तसेच, आईसारखे, तिच्या केसांत घातले.

मी त्यांचा चेहरा बघत होते. हात मागून पुढे आले, कानाच्या वर गेले आणि थांबले. एक बोट त्या खळग्यात फिरलं. परत फिरलं. खाणीत अंधारात आयुष्य काढलेला माणूस तो, त्याची बोटं डोळ्यांपेक्षा पक्की. आणि दांडका डोक्यावर बसला की हाड कसं बसतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यांनी काहीतरी विचारलं, हळू. दोइनाताई म्हणाली, "ट्राम." हा शब्द मला कळला. मग त्यांनी आणखी एक विचारलं. ती नुसती पणतीकडे बघत राहिली. आजोबांनी हात काढून घेतले. ते हात तसेच पुढे धरलेले, तेल ठिबकतंय, रांगोळीवर थेंब पडताहेत, आणि ते आपल्या हातांकडे बघताहेत. बाबा म्हणाले, "वा! झालं की!" त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. आजोबा उठले, भिंतीला धरून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काकडी कोणी फोडली नाही.

पुढचे दिवस मी कशाला सांगू? घरात मयत झाल्यासारखं होतं, माणूस मात्र जिवंत. आजोबा स्वयंपाकघरात यायचे बंद झाले. आई ताट दाराशी ठेवायची आणि तसंच उचलून आणायची. बाप-लेकीचं बोलणं संपलं. एकाच खोलीत पडदा लावून दोघं, ती प्रयोगशाळेतून उशिरा यायची आणि लवकर जायची. बाबांना आईने शेवटी सांगितलं. बाबा पार खचले, आठवडाभर भात नुसता चिवडत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "मी वाटी दिली गं. मी दिली." आई म्हणायची, "तुम्ही नसती दिली तर तो फोटो उराशी धरून सुखाने मेला असता. आता काय होतंय ते बघायचं." त्यात राग होता की आशा, मला कळलं नाही. खोकल्याचा आवाज बदलला होता, ओला झाला होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी दवाखान्यात आणा. परत आणायचं काही ते बोलले नाहीत.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, जेवणाआधी आजोबा स्वतः चालत स्वयंपाकघरात आले. तोच स्वच्छ शर्ट, केस ओले करून वळवलेले. खुर्चीवर बसले, श्वास बसेपर्यंत थांबले आणि मला खुणेने सांगितलं, वही आण. दोइनाताई दारात उभी होती. त्यांनी तिला काहीतरी म्हटलं, आणि ती मला म्हणाली, "ते म्हणतात, चरित्रात एक गोष्ट राहिली. ती मी इंग्रजीत करीन का, असं मला विचारतात. लिहून घेशील?" मी मान हलवली. 

"लिही," ती म्हणाली, म्हणजे ते म्हणाले आणि ती म्हणाली, "अध्यक्षांनी आभार मानले. ते खरं आहे, ते खोडू नको. पण बोलावलं म्हणून गेलो असं लिहिलं असशील, ते खोड. गेलो, असं लिही. मी गेलो. पाय माझे होते." ते थांबायचे, ती थांबायची. "माझ्या हातात दांडका होता, खाणीतल्या लाकडाचा. मी मारलं. पोरांना मारलं, मुलींना मारलं. एक मुलगी पडली, तिच्या हातात पुस्तकं होती. मी तिचं तोंड बघितलं नाही. माझी मुलगी त्या शहरात होती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, ती तसल्यांत नसणार. ती चांगली मुलगी आहे." इथे दोइनाताईचा आवाज गेला. मग पुन्हा त्याच स्टेशनवरच्या आवाजात म्हणाली, "ते म्हणतात, दुसऱ्याची मुलगी असती तरी तेच. हे लिही. आणि लिही, की पेत्रू क्षमा मागतो."

मी लिहीत होते, आणि मूर्खासारखं तोंडातून निघालं, "कोणाची?" दोइनाताईने ते रुमानियनमध्ये केलं नाही. ती वडिलांकडे वळली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, लहानसं. आजोबांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. आईने गॅस बंद केला. "शिल्पे, चल वर." वही तिथेच टाकून मी तिच्या मागे गेले, आणि आम्ही बाबांसकट वर खोलीत एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. खालून फक्त खोकला. मग तोही थांबला.

बऱ्याच वेळाने आई आमटी गरम करायला खाली गेली, मी मागोमाग. आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि दोइनाताई त्यांच्या पायांशी जमिनीवर. तिचे केस मोकळे, मुळापासून टोकापर्यंत तेलाने थबथबलेले, मानेवरून ओघळ आलेले. एवढं तेल कोणी लावतं का! स्वयंपाकघरभर खोबरेलाचा वास. पितळेची वाटी रिकामी होती. आईने वाटी उचलली, पुसली आणि चार पानं वाढली.

सोमवारी त्यांना नेलं. वर्ष संपायच्या आत ते गेले. इकडच्या रीतीने दहन झालं, आणि दोइनाताईने तिकडच्या रीतीने गहू शिजवला, साखर आणि अक्रोड घालून, मेलेल्या माणसाच्या नावाने वाटायचा असतो म्हणे. आमच्या खिरीसारखाच. आईने वाडगा हातात घेतला आणि उभ्यानेच खाल्ला, जिला दुसऱ्याच्या घरचं खाताना दहा प्रश्न पडायचे तिने. फोटो दोइनाताईने भिंतीवरून काढला नाही. ती खोली सोडून गेली तेव्हाही तो तिथेच होता. माझ्या चरित्रावर बाईंनी लाल शाईने शेरा दिला, लेखन चांगलं, पण संदर्भ नाहीत, आणि शेवटच्या परिच्छेदाभोवती गोल काढून लिहिलं, 'हा पेत्रू कोण? विषयाशी संबंध?' मी उत्तर दिलं नाही. आज विचारलं असतं तर दिलं असतं, चांगलं खणखणीत.

आई आता नाही. जाईपर्यंत ती ही हकिगत सांगताना शेवट असाच करायची, की बघा, म्हाताऱ्याने अखेर लाज सोडून लेकीच्या डोक्याला हात लावला. मलाही तसंच वाटायचं. मग मध्यंतरी ते अध्यक्ष वारले. नव्वदी ओलांडून, सरकारी इतमामाने. मी इथल्या भारतीय वस्तीत, निशी-कसाईच्या घरात बसून फोनवर बातमी वाचली आणि दोइनाताईला फोन लावला. ती आता दुसऱ्याच एका देशात शिकवते, केस पांढरे झालेत, कापलेत. म्हणाली, रुमानियाच्या टीव्हीवर दिवसभर त्यांचं जीवन आणि कारकीर्द चाललंय, तुझ्या निबंधासारखं. आम्ही दोघी हसलो, आणि मग हसू आलं तसं गेलं. मी विचारलं, त्या रविवारी तू वडिलांना काय म्हणाली होतीस? इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मला वाटायचं, क्षमा केली असं म्हणाली असशील.

"नाही," ती म्हणाली. "ते मला तेव्हा जमलं नसतं. खोटं झालं असतं. मी म्हटलं, ताता, आज रविवार आहे, डोक्याला तेल लावून दे. ते नको म्हणाले. हे हात नाही लावणार म्हणाले, आणि दोन्ही हात काखेत दडवून बसले. मग मी त्यांचा एक हात ओढून काढला, वाटीत बुडवला आणि त्या जागेवर ठेवला. आणि काढू दिला नाही."

 मग म्हणाली, "शिल्पा, ते तेल अजून मिळतं का गं तुमच्या तिकडच्या भारतीय दुकानात? एक बाटली पाठव."

मी दुसऱ्याच दिवशी पाठवली.